मरोळच्या लॅबमधलं लाल पाणी

आमच्या लॅबमध्ये एक नियम होता. तपासून झालेला प्रत्येक नमुना सहा महिने कपाटात ठेवायचा, आणि कोणाची तक्रार आली नाही तर ओतून टाकून बाटली धुवायची. किश्शांसाठी असा नियम कोणी केला नाही. त्यामुळे नमुने गेले आणि किस्से साठत राहिले. हल्ली आम्ही जुने लोक भेटलो की कोणीतरी म्हणतं, "अनू, ते बसमधलं सांग ना," आणि एक निघाला की बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. चहा गार होतो, पण कोणी उठत नाही.

आधी ओळख करून देते. गोष्टी ऐंशीनंतरच्या वर्षांतल्या. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमची छोटीशी खासगी लॅब होती. पाणी, माती तपासायची आणि त्यात कुठला धातू किती आहे ते लिहून द्यायचं, हा धंदा. खालच्या गाळ्यात अगरबत्तीचं पॅकिंग चालायचं. त्यामुळे आमच्या जिन्यात कायम नायट्रिक ॲसिड आणि मोगरा असा मिश्र वास. नवीन माणूस मधल्या पायरीवर थबकायचा. वर देऊळ आहे की दवाखाना, त्याला ठरवता यायचं नाही.

मालक डॉक्टर गुप्ते. रसायनशास्त्रातले डॉक्टर, औषध देणारे नव्हेत. त्यांना हसताना मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. टायपिस्ट फिलोमिना मरोळ गावठाणातली. घर पाच मिनिटांवर, म्हणून रोज दहा मिनिटं उशीर. नमुने गोळा करून आणायला परब. आणि मशीनवर मी. राहायला मुलुंडला, बीएस्सी केमिस्ट्री.

मशीन परदेशातून आलेलं होतं. तपासायचं पाणी फवारा होऊन ज्योतीत जायचं, त्या ज्योतीतून एका खास दिव्याचा प्रकाश सोडायचा, आणि प्रकाश जितका कमी पोचेल तितका पाण्यात धातू जास्त. प्रत्येक धातूचा दिवा वेगळा. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही लागत नाही.

*

परब मूळचे गिरणीतले. रंगखात्यात सोळा वर्षं. संप सुरू होऊन सात-आठ महिने झाले तेव्हा ते आमच्याकडे नोकरी विचारायला आले. डॉक्टरांनी विचारलं, ॲसिडची भीती वाटते का. परबांनी नुसते दोन्ही हात पुढे केले. त्या हातांवर इतक्या रंगांचे डाग होते की त्यात कातडीचा रंग कुठला ते शोधावं लागत होतं.

डॉक्टरांनी हात बघितले, मग पाय बघितले. रंगखात्यात माणसं अनवाणी काम करायची. मग ते म्हणाले, पायाच्या अंगठ्याचं नख थोडं कापून द्या.

नोकरी मागायला गेलं की लोक दाखला मागतात, ओळख मागतात. नख कोणी मागत नाही. पण परबांनी काही न विचारता कापून दिलं. मशीन नवीन होतं, मला सराव हवा होता. मी नख ॲसिडमध्ये विरघळवलं आणि क्रोमियमचा दिवा लावला. क्रोमियम निघालं, आणि भरपूर निघालं. काही रंगांमध्ये ते असतं, आणि पायाचं नख इतकं सावकाश वाढतं की जुनं त्यात राहून जातं. मी परबांना हे समजावून सांगितलं.

परबांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे गिरणी बंद पडली तरी माझा नख अजून कामावर असा."

"मग उद्यापासून तुम्हीही या," डॉक्टर म्हणाले.

*

लॅबची खरी गोष्ट सुरू झाली ती खाणीमुळे. कोकणातल्या एका गावाला लागून लोखंडाची आणि मँगनीजची उघडी खाण होती. गावाचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. डोंगर कापायचा, खनिज काढून घ्यायचं आणि उरलेली माती बाजूला रचायची. पावसाळ्यात ती माती उतरून शेतात यायची, ओहोळात यायची, विहिरीत यायची. गावाने तक्रार केली की पाणी लाल येतं आणि भांड्यांवर काळा थर धरतो. वरून कंपनीला हुकूम आला की पाणी तपासून घ्या. कंपनीने आम्हाला निवडलं. का निवडलं ते कळलं नाही, पण आम्ही मुंबईतले सगळ्यांत लहान होतो हे खरं.

कंपनीचे मॅनेजर राजाध्यक्ष स्वतः नमुने घेऊन आले. सफारी सूट, गोड बोलणं, सहा बाटल्या. विहिरीचं पाणी म्हणून चिठ्ठ्या लावलेल्या.

मी मँगनीजचा दिवा लावला. काही नाही. लोखंडाचा लावला. काही नाही. मग शिसं, जस्त, तांबं. काहीच नाही. शेवटी मी साधा कॅल्शियमचा दिवा लावला, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात थोडं तरी कॅल्शियम असतंच. तेही नव्हतं. सहाही बाटल्यांत डिस्टिल्ड वॉटर होतं.

मी घाबरत घाबरत डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, आता फोन होणार, आवाज चढणार. त्यांनी रिपोर्टचा कागद ओढला, सगळ्या रकान्यांत शून्यं भरली, आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'हे पाणी मोटारीच्या बॅटरीत घालण्यास उत्तम.'

राजाध्यक्षांनी रिपोर्ट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले की बाटल्या बहुतेक बदलल्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. पण पुढच्या वेळी आमचा माणूस येऊन भरेल.

*

म्हणून परब गेले. त्यांचं स्वतःचं गाव तिथून फार लांब नव्हतं, भाषा तीच, त्यामुळे काही अडचण येणार नाही असं आम्ही धरून चाललो.

आता नमुना भरताना बाटलीत ॲसिडचे चार थेंब टाकावे लागतात, नाहीतर मुंबईला येईपर्यंत धातू बाटलीच्या काचेला चिकटून बसतो. परब विहिरीच्या काठावर बसून खिशातल्या कुपीतून थेंब टाकत होते, आणि पाण्याला आलेल्या एका बाईने ते पाहिलं. पाच मिनिटांत बातमी झाली की कंपनीचा माणूस विहिरीत विष घालतोय. वाडीतली सगळी माणसं जमली. परबांनी समजावलं, ॲसिड म्हणजे काय ते सांगितलं. त्याने प्रकरण आणखी वाढलं.

मग सरपंच आला. तो समजूतदार होता. त्याने परबांना फक्त एवढंच सांगितलं की तुम्ही या विहिरीचं पाणी आमच्यासमोर प्या. बाईने तांब्या भरून आणला. परबांनी उभ्याने सगळा रिकामा केला. लोक शांत झाले, आणि त्यानंतर परबांना जेवल्याशिवाय सोडेनात.

तीन दिवसांनी मी ते नमुने मशीनवर लावले. तीन नंबरची बाटली याच विहिरीची होती. मँगनीज इतकं की काटा पार कडेला जाऊन टेकला. पाणी पातळ करून पुन्हा लावलं, तरी फार फरक पडला नाही. मी परबांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, मग प्यायलात कशाला?

"पावणो म्हणान पाणी दिल्यानी," परब म्हणाले, "नको कसा म्हणतलंय?"

डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी माझी वही घेतली आणि तीन नंबरसमोर स्वतःच्या अक्षरात नोंद केली: 'यापैकी एक तांब्या परबांमध्ये.'

*

त्या रिपोर्टवर सही व्हायच्या आत राजाध्यक्ष पुन्हा आले. डॉक्टर बाहेर गेले होते. रिपोर्ट फिलोमिनाच्या टाइपरायटरवर चढलेला होता. राजाध्यक्ष तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, चॉकलेटचा डबा टेबलावर ठेवला आणि फार प्रेमाने बोलायला लागले. एका आकड्यात एक दशांशचिन्ह आहे. ते एक घर डावीकडे गेलं तर कोणाचं काय बिघडणार आहे? माणसाच्या हातून होतंच की असं.

फिलोमिनाने सगळं ऐकून घेतलं.

"साब," ती म्हणाली, "ह्या मशिनला मागं जावाचं बटन मोडलंय. ते पुढंच जाते."

बटण उत्तम चालत होतं. पण बोलून तर गेली. आणि राजाध्यक्ष काही उठेनात. डॉक्टर येईपर्यंत थांबतो म्हणाले आणि तिथेच पेपर वाचत बसले. आता त्यांच्यासमोर मागे जायची सोय राहिली नाही. फिलोमिना दिवसातून शंभर वेळा ते बटण वापरायची. त्या तासाभरात तिने पाच पत्रं टाइप केली आणि एकही चूक दुरुस्त केली नाही.

त्यातलं एक पत्र राजाध्यक्षांच्याच कंपनीला होतं. त्यांच्या नावात तिने तीन चुका केल्या. त्यांनी ते समोर धरून वाचलं, वर बघितलं, आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

डब्यातली चॉकलेटं आम्ही खाल्ली. ती तपासली नाहीत.

*

हा आता बसमधला. परब पाणी प्यायल्यापासून गावाचा आमच्यावर विश्वास बसला होता. पावसाळ्यात गावकऱ्यांनी ठरवलं की आपणच नमुने भरायचे. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांबरोबर त्यांनी ते मुंबईला पाठवले, ते परबांच्या घरी, दिंडोशीला पोचले. परबांना ताप होता, म्हणून आणायला मी गेले.

बाटल्या स्वच्छ हव्यात, काचेच्या हव्यात आणि घट्ट बुचाच्या हव्यात, असं परबांनी त्यांना बजावलं होतं. गावात अशा बाटल्या एकाच प्रकारच्या मिळतात. परबांच्या बायकोने मला कापडी पिशवी दिली. आत दारूच्या वीस क्वार्टर, वर घट्ट बूच, आत तांबूस नारंगी पाणी.

मी ती पिशवी घेऊन मरोळच्या बसमध्ये चढले. मांडीवर घेऊन बसले. एका वळणावर पिशवी मांडीवरून घसरली, तिचा बंद तुटला आणि वीसच्या वीस बाटल्या बसभर झाल्या. एकही फुटली नाही, हे नशीब. मी वाकून बाटल्या गोळा करायला लागले. लोकांनी मदत केली. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मला शेवटची बाटली दिली ती दोन बोटांत धरून, मान दुसरीकडे वळवून.

कंडक्टर येऊन उभा राहिला. त्याने मला विचारलं, बाई, हे काय आहे.

मी म्हटलं, "विहिरीचं पाणी."

त्याने एक बाटली उजेडाकडे धरली, हलवून बघितली आणि मला परत दिली.

"सगळे तेच सांगतात," तो म्हणाला आणि पुढे तिकिटं फाडायला गेला.

*

दिवाळीच्या सुमाराला सरपंचाने परबांबरोबर नवीन भाताचे तांदूळ पाठवले. लाल, हातसडीचे, वासाचे. लॅबमध्ये आम्ही चौघांनी वाटून घेतले. आमच्याकडे आईने त्याच रात्री भात केला. बाबांनी दोनदा वाढून घेतला आणि म्हणाले, असा तांदूळ मुंबईत बघायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं की भात खाल्लात का. हो म्हटलं. कसा होता? छान होता. त्यांनी मान हलवली आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांनी त्यांच्या वाटणीचा तांदूळ शिजवला नव्हता, विरघळवला होता. मँगनीज तर होतंच. सोबत शिसंही होतं. खाणीची माती ज्या शेतांत उतरली, त्याच शेतांतलं पीक होतं ते.

घरी येऊन मी सांगितलं. बाबा म्हणाले, एकदा खाऊन काही होत नाही ना? मी म्हटलं, नाही, एकदा खाऊन नाही.

आई आत पोळ्या लाटत होती. तिने तिथूनच विचारलं, "आणि ते लोक रोज काय खातात गं?"

"हाच."

लाटण्याचा आवाज थांबला. रविवारी तिने रेशनचे पाच किलो तांदूळ निवडून, खडे काढून, पिशवीत शिवून माझ्या हातात दिले. परब पुढच्या वेळी जातील तेव्हा सरपंचाच्या घरी देऊ देत, म्हणाली. मला लाज वाटली. पाच किलो तांदूळ एका गावाला. पण आईला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि परबही हसले नाहीत. त्यांनी पिशवी नेली आणि पोचवली.

पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा आईने मला विचारायला लावलं, काय म्हणाले सरपंच. परब जरा घुटमळले.

"सरपंच म्हणालो, तुमच्या आवशीक नमस्कार सांगा," ते म्हणाले. "तांदूळ बरो असा. पण चव नाय."

*

आता शेवटचा. यात पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मग विचारायला नको. गावातल्या दोन विहिरी बंद केल्या आणि वरच्या अंगाच्या झऱ्यावरून नळ आणला. खाण आणखी काही वर्षं चालली आणि भलत्याच कारणाने बंद पडली. खाणीत काम केलेल्यांना भरपाई मिळाली का? थोड्यांना, थोडी, उशिरा. झालं. आता त्या दिवसाचं.

राजाध्यक्षांनी वर कळवलं होतं की आमचे रिपोर्ट एकतर्फी आहेत. तेव्हा एका सरकारी अधिकाऱ्याने ठरवलं की दोन्ही पक्षांसमोर नमुना पुन्हा तपासायचा, आमच्याच लॅबमध्ये. कंपनीकडून राजाध्यक्ष आले. गावाकडून सरपंच आणि त्याच्याबरोबर सोनू गावडे म्हणून एक माणूस. दोघं आदल्या दिवशी येऊन परबांकडे उतरले होते.

सोनू गावडे बारा वर्षं खाणीत होता, खनिज फोडायच्या जागी. तिथे मँगनीजची धूळ उडते. ती श्वासातून आत जाते आणि वर्षानुवर्षं साठत मेंदूपर्यंत पोचते. मग हात कापायला लागतात, पाऊल आखूड पडतं, आवाज बसतो आणि चेहरा हलायचा थांबतो. डॉक्टरांनी मला हे पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. समोर मी पहिल्यांदाच बघत होते. वय पंचेचाळीस सांगितलं. मी साठ धरलं असतं.

आमचा जिना चढायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. परब त्याच्या मागे एकेक पायरी चढत होते, हात न लावता, पण हात तयार ठेवून. मी सगळ्यांना कपात चहा दिला. सोनूने कपाकडे बघितलं आणि उचलला नाही. फिलोमिना उठली, कप नेला आणि मोठ्या स्टीलच्या ग्लासात तोच चहा घालून आणला, अर्ध्याच्या खाली. मग तो प्यायला, दोन्ही हातांनी.

तपासणी दहा मिनिटांत आटपली. मँगनीजचा दिवा, ज्योत, तीन नंबरची विहीर. काटा आधी गेला होता तिकडेच सगळ्यांसमोर गेला. अधिकाऱ्याने आकडा लिहून घेतला. राजाध्यक्षांनीही मान्य केलं. पाण्याचं आपण बघू, म्हणाले. त्यांचा आक्षेप दुसऱ्या कागदावर होता.

दुसरा कागद म्हणजे गावाचा अर्ज. खाणीत पूर्वी काम केलेल्या चाळीसेक माणसांनी सह्या करून दिलेला, की आम्हाला या कामाने आजार झाला. राजाध्यक्षांनी बॅगेतून कंपनीचा जुना हजेरीपट काढला आणि टेबलावर उघडला. त्यात याच माणसांच्या कामाला लागतानाच्या सह्या होत्या.

"साहेब, तुम्हीच पडताळा," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "नावं तीच, सही एकही जुळत नाही. कोणीतरी एकानेच बसून डाव्या हाताने केलेल्या आहेत. सगळा अर्ज खोटा आहे."

आम्ही सगळे वाकलो. हजेरीपटावर सोनू गावडे हे नाव गोल, मोकळ्या अक्षरात होतं, खाली एक झोकदार रेघ. शाळेत अक्षराचं कौतुक झालेल्या मुलासारखं. अर्जावर तेच नाव मुंगीएवढं, करवतीच्या दात्यांसारखं, ओळ सोडून खाली घसरत गेलेलं. वरची सही तशी, खालची सही तशी. सगळ्या तशाच.

अधिकाऱ्याने दोन्ही कागद सोनूकडे फिरवले. हजेरीपटावर बोट ठेवून विचारलं, ही सही तुमची का. सोनूने होकारार्थी मान हलवली. मग अर्जावर बोट ठेवलं. ही? त्याने पुन्हा मान हलवली.

"मग जुळत का नाही?" राजाध्यक्षांनी विचारलं.

सोनू दोन्ही कागदांकडे बघत राहिला. ज्योत अजून चालूच होती, तिचा तेवढा फरफर आवाज. त्याचा चेहरा हलला नाही. आवाज इतका खाली होता की अधिकाऱ्याला पुढे झुकावं लागलं.

"सायब," तो म्हणाला, "ताच सांगूक इलंय."